‘पुराना मंदिर’चं शूटिंग आपल्या गढीत झालं होतं का? खान्देशकरांनो, आठवेल ते लिहा

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. तीस-पस्तीस वर्षं डोक्यात घोळणारा एक प्रश्न आज इथे टाकतोय. ज्यांचं लहानपण १९८०-९० च्या दशकात जळगाव-धुळ्याकडे गेलंय त्यांनी जरूर वाचा.

माझं गाव गिरणेच्या काठावर, पाचोरा तालुक्यात. गावाला गढी आहे. आहे म्हणजे दगडी कमान आणि तिच्यामागे पांढऱ्या मातीचा उंचवटा. कमानीच्या डाव्या अंगाला दगडांच्या सांध्यातून कडुनिंब फुटलाय, माझ्या लहानपणी तो मनगटाएवढा होता. आत तळघर आहे असं म्हणतात. तोंड बुजलेलं आहे, त्यामुळे मी ते कधी पाहिलं नाही.

१९८७ किंवा ८८ ची गोष्ट. कापसाची वेचणी चालू होती, लोकांच्या हातात चार पैसे होते, आणि गावात तंबू टॉकीज आली. त्यात ‘पुराना मंदिर’ हा भुताचा हिंदी सिनेमा लागला. मी आठ वर्षांचा. ज्यांनी पाहिला असेल त्यांना गोष्ट माहीत आहे: सामरी नावाचा सैतान, राजा त्याचं मुंडकं धडावेगळं करतो, धड देवळामागे पुरलेलं आणि मुंडकं हवेलीत पेटीत बंद. दोन्ही एकत्र आलं की तो पुन्हा उठणार.

दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव म्हणायला लागलं की याचं शूटिंग आपल्या गढीत झालंय. आई म्हणायची, सलूनवाला म्हणायचा, शाळेतले मोठे विद्यार्थी तर शपथेवर सांगायचे. मुंडकं गढीच्या तळघरात आणि धड शेजारच्या गावाबाहेरच्या पडक्या हेमाडपंती देवळामागे, असा हिशेबच लागला होता. मला रोज संध्याकाळी वाड्यावर दूध पोचवायला जावं लागे आणि वाट गढीखालून होती. मी किटली घेऊन अख्ख्या गावाला वळसा घालून जायचो. दूध उशिरा पोचायचं म्हणून बोलणी खायचो, पण खरं कारण कधी सांगितलं नाही.

आता पुण्यात असतो. मागच्या आठवड्यात तो सिनेमा पुन्हा पाहिला, थांबवून थांबवून. शेजारी गढीचे फोटो ठेवले होते. जुळत नाही. तरी एका कमानीपाशी हात थांबतो. म्हणून विचारतो, खान्देशात या सिनेमाचं काही चित्रीकरण झालं होतं का? तुमच्या गावात कुणी असं सांगायचं का?

पारोळेकर

दादा, वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे हा सिनेमा पारोळ्याच्या किल्ल्यात काढला असं सांगायचे! मी स्वतः वर्गात भांडलोय यावरून.

पारोळ्याचा किल्ला भुईकोट आहे, १७२७ चा, जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधलेला. झाशीच्या राणीच्या सासरचं, नेवाळकरांचं, नाव या गावाशी जोडलेलं आहे. बाजार थेट तटाला टेकलाय. भाजीचे गाडे, चपलांची दुकानं, आणि त्यांच्या डोक्यावर बुरूज. आत शिरलात की मात्र आवाज एकदम कमी होतो. किल्ल्यातून बाहेर जाणाऱ्या भुयाराची गोष्ट पारोळ्यातल्या प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. आमच्या हिशेबात मुंडकं त्या भुयारात होतं. धड कुठे होतं ते आठवत नाही, बहुतेक आम्ही तेवढा विचार केला नव्हता.

साक्रीची लेक

माझं माहेर साक्री तालुक्यात. आमच्याकडे भामेर.

ज्यांनी भामेर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. निजामपूरच्या बाजूला गाव आहे, वर किल्ला. गावात शिरताना जुन्या दरवाजाचे कोरीव खांब लागतात. डोंगराच्या पोटात लेणी खोदलेली आहेत, आत कोरीव खांब, बाहेरून नुसती काळी तोंडं दिसतात. दुपारी बाराच्या उन्हातही आत काय आहे ते कळत नाही. आम्ही शाळेच्या सहलीला गेलो होतो तेव्हा पोरींनी एकमेकींचे हात सोडले नाहीत.

आजी म्हणायची, ‘‘तठे नको जाऊ माय, तठे त्यानं मुंडकं शे.’’ (तिकडे जाऊ नको, तिथे त्याचं मुंडकं आहे.) आजीने सिनेमा पाहिला नव्हता. तिला पोरांनी गोष्ट सांगितली होती आणि तिने ती सरळ भामेरला नेऊन ठेवली.

कुरणवाट

लळिंग. धुळ्याच्या लोकांना विचारा. आग्रा रोडवरून एसटीने जाताना किल्ला दिसला की मागच्या सीटवरचं कुणीतरी हमखास म्हणायचं, ‘इथे सामरीचं शूटिंग झालं.’

गिरणाकाठ

म्हणजे चार जागा झाल्या, आणि चारही ठिकाणी मुंडकं आहे. मला वाटत होतं फक्त आमच्याच गावाची समजूत आहे. मंडळी, अजून कुणी?

सातपुड्याखाली

चोपडा. उनपदेवच्या वाटेवरचं जंगल. इथे किल्ला नाही, त्यामुळे आमच्याकडे फक्त धड होतं.

दगडमाती

मी इतिहासाचा विद्यार्थी, गेली बरीच वर्षं जुन्या बांधकामांच्या नोंदी ठेवतो. हा धागा वाचून काल रात्री सिनेमा पाहिला आणि फक्त इमारतीकडे लक्ष दिलं. माझं मत मांडतो.

आपल्याकडची गढी कशी असते ते आधी पाहू. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, कोपऱ्यावर बुरूज. एक मोठा दरवाजा, बाहेरच्या बाजूला खिडक्या जवळजवळ नाहीतच, कारण ती राहण्यापेक्षा टिकून राहण्यासाठी बांधलेली असते. किल्ले म्हणाल तर थाळनेर, लळिंग हे फारुकी सुलतानांच्या काळाशी जोडलेले, पुढे अनेक हातांतून गेलेले. देवळं म्हणाल तर बलसाणे, वाघळी, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव: चुना न वापरता दगडात दगड बसवून केलेली.

आता पडद्यावरची हवेली पाहा. अनेक मजले, टोकदार कमानींच्या खिडक्यांच्या रांगा, वर घुमट. हे किल्ल्याचं काम नाही, गढीचं तर नाहीच. हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला संस्थानिकाचा राजवाडा आहे. आणि तिथेच आपला दावा संपतो. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला आणि सरळ त्यांचा जिल्हा झाला. सातपुड्याच्या बाजूला छोट्या मेवासी जहागिऱ्या होत्या, पण असा राजवाडा बांधेल असं मोठं संस्थान आपल्याकडे राहिलंच नाही. तेव्हा हवेली शोधायची तर एखाद्या संस्थानाच्या गावात शोधा.

गिरणाकाठ, तुम्ही ज्या कमानीपाशी थांबता ती नीट पाहा. तिची कड टोकाशी निमुळती होते. तुमच्या गढीची कमान (फोटो टाकलात बरं केलंत) जवळजवळ अर्धगोल आहे आणि मधला चावीचा दगड खाली सरकलाय. तो दगड पडायच्या आत गावाने काहीतरी केलं पाहिजे, हे जाता जाता सांगतो. निंबाची मुळं सांध्यात शिरली की कमान फार काळ टिकत नाही.

अलिबागहून

मी मूळची अमळनेरची, नोकरीमुळे दहा वर्षं अलिबागला आहे. दगडमाती यांनी ‘संस्थान’ म्हटल्याबरोबर मला लख्ख आठवलं. ही हवेली म्हणजे मुरूडच्या नवाबाचा राजवाडा! जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचा, अहमदगंज पॅलेस. १८८५ चा आहे. ‘पुराना मंदिर’चं चित्रीकरण तिथे झालं, ही गोष्ट इथे सर्वांना माहीत आहे.

मागच्या रविवारी मुद्दाम गेले. अलिबागहून मुरूडला जाताना गाव यायच्या आधी टेकाडावर तो दिसतो. खाजगी मालमत्ता आहे, आत सोडत नाहीत, त्यामुळे फाटकाबाहेरूनच पाहिला. फोटो काढले पण लांबून आहेत. टोकदार कमानी, घुमट, ओल्या हवेने काळवंडलेल्या भिंती. खाली समुद्र. मी फाटकाशी उभी असताना लाटांचा आवाज सतत येत होता आणि मला राहून राहून वाटत होतं की हा आवाज आपल्या डोक्यातल्या गोष्टीत कधीच नव्हता. मी अमळनेरला हा सिनेमा पाहिला तेव्हा समुद्र पाहिलेलाच नव्हता. माझ्या मनात त्या हवेलीभोवती बाभळी आणि काळी जमीन होती.

गिरणाकाठ

ताई, फोटो पाहिले. तोच आहे. शंका नाही.

खरं सांगतो, उत्तर मिळालं म्हणून आनंद व्हायला हवा, पण काल रात्री झोप लागली नाही. एवढी वर्षं वाटायचं की आपल्या त्या पडक्या ढिगाऱ्यात कधीतरी कॅमेरा आला होता, कुणीतरी मुंबईहून येऊन त्याच्याकडे नीट पाहिलं होतं.

आणि मग दुसरा प्रश्न उभा राहतो. मुरूड कुठे, आपण कुठे! पारोळा, भामेर, लळिंग, आमचं गाव, सगळ्यांना एकच गोष्ट कशी सुचली? काहीतरी कारण असणार.

जुना प्रेक्षक

‘पुराना मंदिर’ काढणाऱ्या रामसे बंधूंबद्दल थोडं लिहितो, म्हणजे जागांचा हिशेब समजेल.

वडील एफ. यू. रामसे, फाळणीआधी कराचीत रेडिओचं दुकान. मुलगे सात आणि सगळे सिनेमात: कुमार लिहायचे, गंगू कॅमेरा सांभाळायचे, किरण आवाज, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन. १९७२ चा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ त्यांनी महाबळेश्वरला केला. सगळं युनिट, घरच्या बायकामाणसांसकट, तिकडे नेलं, आणि ४० दिवसांत काम उरकलं. सेट उभारायला पैसा नाही, म्हणून तयार जुनी वास्तू शोधायची, तिथेच राहायचं, तिथेच चित्रीकरण करायचं. मुंबईहून एका दिवसात पोचता येईल अशी जागा हवी. मुरूड, महाबळेश्वर त्यात बसतात.

‘पुराना मंदिर’ १९८४ चा. मोहनीश बहल, आरती गुप्ता, पुनीत इस्सर. सामरी झालेले अजय अग्रवाल शिक्षणाने इंजिनिअर होते. त्या चेहऱ्याने आपल्या अख्ख्या पिढीची झोप उडवली. मोठ्या शहरांतल्या चांगल्या थिएटरांनी हे सिनेमे फारसे मानाने लावले नाहीत, पण तालुक्याच्या गावांत आणि तंबूत ते वर्षानुवर्षं फिरत राहिले. तुम्ही १९८४ चा सिनेमा ८७-८८ मध्ये पाहिलात, तो त्यामुळेच.

पारोळेकर

मुरूड मान्य. पण किल्ल्यात काहीतरी झालं होतं हे मी अजून सोडत नाही. आमच्या गल्लीतले एक आजोबा सांगायचे की त्यांनी किल्ल्याजवळ मोठे दिवे आणि जनरेटर पाहिला होता, रात्रभर चालू. ते खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते.

रेल्वे कॉलनी, भुसावळ

धागा आजच वाचला. पारोळेकर, तुमच्या आजोबांच्या जनरेटरचं मला सांगता येईल असं वाटतं, पण आधी मुख्य गोष्ट.

माझे वडील भुसावळला एका सिनेमा वितरकाच्या ऑफिसात कामाला होते. आजच्या मुलांना हे माहीत नसेल, पण भुसावळ हे सिनेमाच्या धंद्यातलं मोठं केंद्र होतं. देशभर सिनेमाच्या वितरणासाठी जे विभाग पाडले होते त्यात सी.पी. बेरार (मध्य प्रांत-वऱ्हाड) हा एक, आणि त्याचा कारभार भुसावळ आणि अमरावतीहून चालायचा. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं ऑफिस भुसावळलाच. कारण उघड आहे, जंक्शन. मुंबई, नागपूर, इटारसी, सुरत, कुठलीही गाडी घ्या. मुंबईहून प्रिंट आली की इथून पुढे पाठवायची.

प्रिंट म्हणजे पत्र्याच्या पेट्या. आत गोल डब्यांत रिळं. एका डब्यात २००० फूट, म्हणजे वीस-बावीस मिनिटांचा सिनेमा. पेटी उचलायला दोन माणसं लागायची. पेटीच्या झाकणावर ब्रशने पांढऱ्या रंगात सिनेमाचं नाव आणि खाली गावाचं नाव रंगवलेलं असे, म्हणजे परत कुठे पाठवायची ते कळावं. वडिलांचं अक्षर चांगलं म्हणून हे काम त्यांच्याकडे होतं. घरी आले तरी नखांत पांढरा रंग असायचा. त्या पेट्यांवर त्यांनी हजारो वेळा ‘भुसावळ’ लिहिलं असेल.

पेटी एसटीच्या टपावर किंवा रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमधून जायची. मोठ्या सिनेमाबरोबर वितरकाचा माणूस जायचा, तिकिटं मोजायला. तंबूवाला आधल्या दिवशी गावात रिक्षा फिरवून सांगायचा की पिक्चर भुसावळहून येतोय, पेटी निघाली. पेटी आली की पोरं गोळा व्हायची, झाकणावरचं वाचायची.

आता तुम्हीच बघा. सहावी-सातवीतलं पोरगं वाचतं: ‘पुराना मंदिर, भुसावळ’. सिनेमा कुठून आला? भुसावळहून. म्हणजे तो भुसावळचा. म्हणजे आपल्याच मुलखात काढला. आणि आपल्या मुलखात जुनी हवेली कुठे असेल? पारोळ्याच्या मुलाला पारोळ्याचा किल्ला आठवणार, साक्रीच्या मुलीला भामेर.

जनरेटरचं म्हणाल तर तंबू टॉकीजला गावठाणात मोकळी जागा लागायची आणि भारनियमन असो नसो, स्वतःचा जनरेटर लागायचा. मोकळी जागा बहुतेक गावांत कुठे असते? गढीच्या किंवा किल्ल्याच्या पायथ्याशी.

साक्रीची लेक

हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले. काका, तुमच्या वडिलांचं अक्षर आम्ही सगळ्यांनी वाचलंय.

दगडमाती

फार मोलाची माहिती. रेल्वे कॉलनी काका, यातलं जेवढं आठवतंय तेवढं सविस्तर लिहून ठेवा. कुठल्या गावांना पेट्या जायच्या, जत्रांच्या दिवसांत काय व्हायचं. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात, अमळनेरच्या वैशाखातल्या जत्रेत प्रिंट एका तंबूतून दुसऱ्या तंबूत पळवायचे असं ऐकलंय. किल्ल्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, हे कुणी लिहीत नाही.

रेल्वे कॉलनी, भुसावळ

हो, एकच प्रिंट दोन तंबूंत. पहिल्या तंबूत पहिलं रीळ संपलं की पोरगं डबा सायकलला बांधून दुसऱ्या तंबूकडे. मधे सायकल पंक्चर झाली की तिकडचं पब्लिक शिट्ट्या मारायचं. तंबूत बहुधा एकच मशीन, त्यामुळे प्रत्येक रिळानंतर अंधारात थांबावं लागे. भुताच्या सिनेमात त्या थांबण्याचा परिणाम काय होत असेल ते तुम्हीच आठवा. लिहीन सविस्तर. वडिलांची एक वही आहे, तीही शोधतो.

गिरणाकाठ

मंडळी, पोळ्याला गावी जाऊन आलो. आईला बसवून सगळं विचारलं. फोनवर ती ‘मला नाही आठवत’ म्हणायची. गढीच्या समोर उभं केलं तेव्हा बोलायला लागली. तिच्याच शब्दांत लिहितो:

‘‘तंबू आठेच व्हता, गढीना पायथाले. मशीनना लाईट गढीवर पडेत. कमान अशी लखलख दिखे. मंग आम्ही म्हनूत, पिक्चर आठलाच शे.’’

(ज्यांना अहिराणी येत नाही त्यांच्यासाठी: तंबू इथेच, गढीच्या पायथ्याशी होता. मशीनचा उजेड गढीवर पडायचा, कमान लख्ख दिसायची, म्हणून आम्ही म्हणायचो की पिक्चर इथलाच आहे.)

तंबू जिथे होता ती जागा तिने पाय रोवून दाखवली. आता तिथे पाण्याची टाकी आहे. मी कमानीखाली उभा राहिलो, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच इतका वेळ. दगडमाती, चावीचा दगड अजून दोन बोटं खाली आलाय. गढीची पांढरी माती लोकांनी वर्षानुवर्षं धाब्यांवर, म्हणजे घरांच्या सपाट मातीच्या छतांवर, टाकायला नेली. आमच्याही घराच्या धाब्यावर तीच होती, आईने ती पाटीने वाहिलीय. मी ज्या गढीला भ्यायचो तिच्याच मातीखाली झोपायचो, हे मला आता कळतंय.

आणि खरी बातमी पुढे. तंबूवाल्यांचं घराणं आमच्या शेजारच्या गावचं. मालक गेले, मुलगा शेती करतो. त्याच्याकडे गेलो. त्याने गोठ्यात नेलं. कोपऱ्यात, सरकीच्या पोत्यांच्या आड, एक पत्र्याची पेटी होती. कडा गंजलेल्या, एक कडी तुटलेली. त्यात ते बाजरीचं बी ठेवतात. झाकणावर गोवऱ्यांचा थर होता, तो त्याने हाताने बाजूला केला, मग ओल्या फडक्याने पुसलं. वरची ओळ गेलीय, नुसते एक-दोन पांढरे फटकारे उरलेत, कुठल्या सिनेमाचं नाव ते कळत नाही. खालची ओळ शाबूत आहे. ‘भुसावळ’. ‘भु’चा उकार लांब ओढून खाली वळवलेला, आणि ‘ळ’ला दोन गोल मोठे.

फोटो टाकतोय. काका, तुम्ही बघून सांगा.

रेल्वे कॉलनी, भुसावळ

उकार वडिलांचाच आहे. ते माझ्या वह्यांवर माझं नाव घालायचे तेव्हाही असाच ओढायचे.

त्या मुलाला सांगा, पेटी विकू नका आणि झाकण पुन्हा रंगवू नका. मी पुढच्या शनिवारी पॅसेंजरने पाचोऱ्याला येतो. स्टेशनवर न्यायला याल का?

गिरणाकाठ

येतो काका. आईने विचारलंय, भरीत-भाकरी चालेल ना?